दुखऱ्या मांड्या

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली. शेती, देवळं, न्यायनिवाडा, सरकारी कार्यालयं, हे सगळं त्या एका उभं राहण्यातून आलं. सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता, धाराशिवच्या एका भाड्याच्या घरातल्या संडासात, मल्लिनाथ बिराजदार याला उभं राहता येईना. बसताना काही जाणवलं नव्हतं. किंवा जाणवलं असेल, पण त्या वेळी घाई होती. आता मांड्यांमध्ये कुणीतरी ओली वाळू ठासून भरल्यासारखं झालं होतं. नळाची तोटी धरून तो अर्धा उठला आणि अर्ध्यातच थांबला. एकोणपन्नास वर्षांत त्यानं बऱ्याच गोष्टी अर्ध्यात सोडल्या होत्या, एम.ए., बासरी, कन्नड वाचायला शिकणं, पण ही सोडण्यासारखी नव्हती. बाहेरून श्रीदेवी म्हणाली, "झालं का हो? टाकी संपत आली." त्याला बायकोचा राग आला. मग टाकीचा, मग दिग्विजयचा, मग दिग्विजयच्या आईवडिलांचा. रागानं मांड्यांना थोडं बळ आलं आणि तो उठला. राग ही वस्तू अगदीच निरुपयोगी नसते, अशी नोंद त्यानं मनात केली.

दिग्विजय म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर व्यायामशाळा चालवणारा चोवीस वर्षांचा इसम. त्याच्या दंडांना पाहून वाटायचं की ते त्याचे नसून त्यानं कुणाचे तरी सांभाळायला घेतलेत. मल्लिनाथनं शनिवारी तिथं नाव घातलं होतं आणि शनिवार-रविवार सलग दोन दिवस खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन उठाबशा काढल्या होत्या. आरशात स्वतःचं तोंड बघत, खालून येणारा युरियाचा वास घेत. कारण शुक्रवारी गावाकडं वीरभद्राची जत्रा होती आणि काठी त्याला न्यायची होती. सास्तूरच्या गाडीनं फाट्यावर उतरून अर्ध्या तासाच्या चालीवर त्याचं गाव. काठी म्हणजे वीस हात लांब कळक, वर पितळी कळस, अंगावर बायकांनी बांधलेली रंगीत कापडं. कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला वाटी, वाटीत काठीचं बूड. दोन्ही बाजूंनी दोघं दोर धरून चालतात, पण ते तोल जाऊ नये म्हणून. वजन सगळं एकाच्या कमरेवर आणि मांड्यांवर. मठापासून देवळापर्यंत तीनशे पावलं. मध्ये टेकायची नाही. टेकली, किंवा न्यायला माणूसच उरला नाही, तर मान थोरल्या घरातून धाकट्या घरात जातो आणि परत येत नाही. चार पिढ्या तो थोरल्या घरात होता. वडिलांनी सत्तराव्या वर्षापर्यंत नेली, मग थोरला भाऊ शिवलिंग. गेल्या गुरुवारी शिवलिंगची कंबर पेंडीचं पोतं उतरवताना गेली. आता थोरल्या घरात उरला मल्लिनाथ, जो एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो आणि ज्यानं इतक्या वर्षांत उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आवक नोंदवही. आणि धाकट्या घरात गुंडाप्पा.

गुंडाप्पा हा चुलतभाऊ, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, गावीच राहिलेला. त्याच्याविषयी मल्लिनाथला काय वाटतं हे सांगायला द्वेष हा शब्द बरोबर आहे, पण तो लहान पडतो. माणूस वाईट असता तर सोपं होतं. गुंडाप्पा दारू पीत नाही, बांध कोरत नाही, भेटला की "बरं हाय का मल्लिनाथ? पोरगी काय म्हणते?" एवढं विचारतो, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतो. हे शेवटचं मल्लिनाथला विशेष असह्य होतं.

कार्यालयात जिना चढताना त्यानं कठडा धरला आणि ते बब्रुवाननं पाहिलं. बब्रुवान त्याच्या समोरच्या टेबलावरचा, तरुणपणी तालमीत घुमलेला, आता पोटानं ओळखला जाणारा. "काय बिराजदार, मूळव्याध?" त्यानं सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं विचारलं. मांड्या दुखतात, उद्या वजन उचलावं की अंगाला विसावा द्यावा, एवढाच प्रश्न आहे, असं मल्लिनाथनं सांगितलं. सांगितल्याबरोबर पस्तावला, कारण त्या कार्यालयात ज्या प्रश्नाचं काम कुणाकडं नसतं त्याच्यावर प्रत्येकाचा शेरा पडतो. "आमचा वस्ताद म्हणायचा," बब्रुवान म्हणाला, "दुखणाऱ्या अंगाला अजून मारायचं. मग ते गप बसतं."

"मग बसलं का गप?"

"बसलं की. दोन्ही गुडघे गेले बघा. आता आवाजबी करत न्हाईत."

संध्याकाळी त्यानं तोच प्रश्न दिग्विजयला विचारला. दिग्विजयनं हातातल्या बाटलीतलं काहीतरी गुलाबी पीत ऐकून घेतलं. "दुखतंय म्हणजे मसल बनतंय, सर."

"पण खाली बसलं की उठता येत नाही."

"परफेक्ट."

याला मारावं, असं मल्लिनाथला वाटलं. पण हात वर जात नव्हता. मग त्यानं दांडा खांद्यावर घेतला. पहिल्या उठाबशीला मांडीच्या आत, हाडाच्या जवळ, कापड फाटावं तसं काहीतरी फाटत गेलं, आणि आश्चर्य म्हणजे चौथ्या-पाचव्या वेळी ते सुसह्य झालं. दुखणं गेलं नव्हतं, ते फक्त कामाला लागलं होतं. त्याला आरशातला तो घामेजलेला, पोट सुटलेला माणूस क्षणभर ओळखीचा वाटला नाही आणि म्हणून आवडला. घरी आल्यावर श्रीदेवीनं हळदीचं दूध पुढं ठेवलं आणि म्हणाली, "द्या की गुंडाप्पा भावजींना. वर्षातून एक दिवस काठी. तुम्हाला काय त्यातून पगारवाढ मिळणार आहे?" तो दुधावरची साय बाजूला करत राहिला. आपल्याला साय आवडत नाही हे सोळा वर्षं आपण हिला सांगतोय, आणि ही सोळा वर्षं साय घालतीय. अशा घरातून काठी उचलायला निघायचं.

मंगळवारी आणखी दुखलं. बसून उठणं, जिना उतरणं, रिक्षात पाय आत घेणं, मोजा घालणं. शरीर म्हणजे एवढ्या सांध्यांची आणि बिजागऱ्यांची वस्तू आहे याचा त्याला पूर्वी पत्ताच नव्हता. ते त्याच्याखाली मुकाट्यानं, एखाद्या जुन्या शिपायासारखं काम करत होतं, आणि आता एकाएकी प्रत्येक हालचालीला लेखी उत्तर मागत होतं. जावक करताना शिक्का मारायचा तर दंडातून कळ. आणि त्या कळेच्या पाठोपाठ, दरवेळी, बोलावल्यासारखी, ती सकाळ येत होती. तो ती टाळायचा. बत्तीस वर्षं त्यानं ती बऱ्यापैकी टाळली होती. पण मांड्यांना ती आठवत होती. भूकंपाची सकाळ. उजाडलेलं होतं, पाऊस बारीक लागलेला, सगळीकडं माती, आणि मातीतून येणारा चुलीतल्या राखेचा वास. आई आत होती. आतून तिचा आवाज येत होता; ओरडत नव्हती, देवाचं नाव घेत होती, एका लयीत, रोज दळताना घ्यायची तसं. वडील आणि शिवलिंग मागं गोठ्याच्या बाजूनं दगड काढत होते. पुढच्या बाजूला तो एकटा, सतरा वर्षांचा, आणि आईच्या आणि त्याच्यामध्ये माळवदाची एक तुळई. त्यानं ती धरली आणि ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा खरं तर त्यानं ओढली नव्हती. नुसती धरली होती. हात लावून उभा होता, कारण हात काढला तर दिसलं असतं. हे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग गुंडाप्पा आला. तो पहाटेपासून आळीतली घरं उपसत होता, पाच-सहा माणसं त्यानं काढली होती, काही जिवंत. त्याच्या बोटांची सालटी गेली होती आणि मांड्या लटलट कापत होत्या, उभं राहणं होत नव्हतं त्याला. "सरक," एवढंच म्हणाला. खाली बसला, खांदा तुळईखाली घातला आणि उठला. दुखत असणारच त्याला. आज उचलावं की विसावा घ्यावा, असं त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

आई बाहेर आली, आणि तिनं आधी गुंडाप्पाच्या तोंडावरून हात फिरवला. तो हात मल्लिनाथ बत्तीस वर्षं विसरू शकला नाही. आणि गुंडाप्पानं बत्तीस वर्षांत एकदाही, लग्नात, भांडणात, वाटणीत, ती गोष्ट काढली नाही. एकदा जरी काढली असती तर हिशोब संपला असता. माणूस उपकार बोलून दाखवतो तेव्हा तो परत घेतो. गुंडाप्पानं कधीच परत घेतला नाही. पुढं सरकारनं गाव दुसरीकडं चौकोनी आखून दिलं, गल्ल्यांना आकडे पडले, देऊळही नव्यानं बांधलं, आणि मठापासून तीनशे पावलं होतील असं मोजून बांधलं, कारण मान तेवढ्या पावलांचा होता. सगळं नव्यानं मोजता आलं. धाकट्या घराकडं बघायची मान मात्र त्याला सरळ करता आली नाही. म्हणून तो शहरात आला. लोकांना वाटतं नोकरीसाठी.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. शांताक्का फोनवर नेहमी ओरडून बोलायची, कारण धाराशिव लांब आहे. "मल्ल्या, पाळायलास नव्हं रे?"

"पाळतोय. कांदा-लसूण बंद केलाय. खाली चटईवर झोपतो." चटईवरून उठताना काय होतं ते त्यानं सांगितलं नाही.

"ते ऱ्हाऊ दे. ऐतवारपासनं काय उचललं न्हाईस नव्हं? तुझा बाप पाच दिस पाण्याची घागर सुदिक उचलत नव्हता. काठीच्या आदी मानकऱ्यानं दुसरं वज्जं घ्यायचं न्हाय. अंग देवाला मोकळं ठिवायचं असतंय."

त्याला आठवलं. वडील जत्रेआधी पाच दिवस ओट्यावर नुसते बसलेले असायचे, आणि त्या वयात त्याला वाटायचं की ते आळशी आहेत. त्याला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. धाकट्या मुलाला कोण सांगतं. "नाही," तो म्हणाला. "काही उचललं नाही."

"बरं. गुंडाप्पा इच्यारत हुता तुला. म्हणला, मल्लिनाथला झेपंल का बघा, न्हायतर मी दोराला ऱ्हातो, त्याच्या बाजूला."

हे वाक्य नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. कारण फोन ठेवल्यावर सगळं एका बाजूला होतं. मांड्या नको म्हणत होत्या, बायको नको म्हणत होती, आणि आता देवही नको म्हणत होता. घरी जावं, पडून राहावं, शुक्रवारपर्यंत अंग मोकळं होईल. तसा निर्णय त्यानं जवळजवळ घेतलाही होता. पण गुंडाप्पा दोराला. गुंडाप्पा बाजूला, काठी झुकली की सावरायला, हात पुढं करून, शांत, काही न बोलता. तीनशे पावलं. साडेपाचला कार्यालय सुटलं आणि तो युरियाच्या वासाकडं चालू लागला, आणि चालता चालता त्याच्यातल्या आवक-जावकवाल्यानं नियमाचा अर्थ लावला. ओझं म्हणजे काय? जी वस्तू एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेली जाते ती. घागर आडावरून घरी येते, पोतं गाडीतून गोठ्यात जातं. व्यायामशाळेतलं वजन जिथून उचललं तिथंच ठेवलं जातं. ते कुठंही जात नाही. सबब ते ओझं नाही. आणि समजा असलंच, तरी रविवार, सोमवार उचलून झालेलं आहे. मोडलेला नियम आणखी मोडत नाही. हा युक्तिवाद त्याला इतका आवडला की त्यावर सही करावीशी वाटली.

त्या दिवशी दिग्विजयनं त्याला जमिनीवरून दांडा उचलायला लावला. पंचावन्न किलो. मल्लिनाथ वाकला आणि मांड्यांच्या मागच्या शिरा तारेसारख्या ताणल्या. पहिल्यांदा दांडा हलला नाही. दुसऱ्यांदा हलला नाही. तिसऱ्या वेळी त्यानं नुसते हात लावून ठेवले आणि त्याच्या लक्षात आलं की आपण हे कुठं उभे आहोत. मग तो उठला. तोंडातून जो आवाज निघाला तो खालच्या दुकानदारानं वर बघण्याइतका मोठा होता. डोळ्यांपुढं काळं, कानात घंटा, आणि छातीत एक घाणेरडा, कोरडा आनंद. दिग्विजय मोबाइल धरून "एक नंबर, सर!" असं ओरडत होता. ते चित्रण त्यानं संध्याकाळीच व्यायामशाळेच्या मोबाइलवरच्या पानावर टाकलं. मागं ढोल-ताशा, खाली 'वय फक्त आकडा'. मल्लिनाथनं ते पाहिलं आणि पुसायला सांगितलं नाही. तीनदा पाहिलं.

शुक्रवारी दुपारी मठाच्या अंगणात मांडवाखाली गाव जमलं होतं. चैत्राचं ऊन, हलगी तापवायला पेटवलेला कडबा. मल्लिनाथ धोतर नेसून, भस्म लावून उभा होता. बसायला सांगितलं तरी बसत नव्हता, कारण बसलं की सगळ्यांसमोर उठावं लागलं असतं. मठाचे बसवेशअप्पा पट्टा हातात घेऊन उठले. ऐंशीच्या घरातले, नजर अधू, कान ठणठणीत. तेवढ्यात उपसरपंच अमरसिंह पुढं आला, पांढरा शर्ट, हातात मोबाइल. "अप्पा, एक मिनिट. आमचं काय म्हणणं न्हाय. पण नियम सगळ्याला सारखा पायजे." आणि त्यानं मोबाइलचा आवाज वाढवला. मांडवात ढोल-ताशा वाजला, आणि त्यावर मल्लिनाथचा तो आवाज. बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं. शांताक्का पुढंच बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, एवढंच. अप्पांना दिसत नव्हतं. "काय हाय ते?" त्यांनी विचारलं.

"मल्लिनाथदादा लोखंड उचलायलेत, अप्पा. धाराशिवात."

"कवाचं?"

मग दोराजवळ उभा असलेला गुंडाप्पा म्हणाला, "जुनं असंल अप्पा ते. गेल्या सालचं. ह्या मोबाइलमंदी जुनंच फिरून फिरून येतंय." आणि त्यानं मल्लिनाथकडं पाहिलं. साधं पाहिलं, सरक म्हणताना पाहिलं होतं तसं.

गुंडाप्पा खोटं बोलत नाही हे गावाला माहीत होतं, म्हणून गाव ते खरं धरणार होतं. अमरसिंहनं मोबाइल खाली घेतलाही. मल्लिनाथला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं त्याला चांगलं जमायचं. नोकरीच त्याच्यावर होती. चार पिढ्यांचा मान, आईचा पदर, पट्टा हातभर अंतरावर. त्यानं विचार केला की आपण गप्प राहिलो तर काठी नेऊ, कदाचित तीनशे पावलंही नेऊ, आणि त्यातल्या प्रत्येक पावलाखाली या माणसाचा खांदा असेल. पुन्हा. आणि हा पुन्हा काही बोलणार नाही. मांड्या ठणकत होत्या. त्याच्या मनात देवाविषयी काही नव्हतं, सत्याविषयीही नव्हतं. फक्त या माणसाचं आणखी काही घ्यायचं नाही, एवढंच होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं.

"जुनं नाही. परवाचं आहे. पंचावन्न किलो."

"मल्ल्या," शांताक्का हळू म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"पण ते ओझं नाही, अप्पा," तो पुढं म्हणाला, आणि स्वतःचा कार्यालयातला आवाज त्याला ऐकू आला. "ते जिथून उचललं तिथंच ठेवायचं असतं. कुठं न्यायचं नसतं."

"कुठं ठिवलं ते इच्यारत न्हाय मी," बसवेशअप्पा म्हणाले. "उचललंस का?"

"उचललं."

अप्पांनी पट्टा गुंडाप्पाच्या दिशेनं धरला. गुंडाप्पा घेईना. "असं कसं अप्पा, थोरलं घर हाय ते," म्हणत तो मागं सरकला, आणि दोघांनी त्याला पुढं ढकललं. कमरेला पट्टा बांधताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि हे बघायला लागावं याचा मल्लिनाथला मनापासून संताप आला. कुणीतरी मल्लिनाथच्या हातात दोर दिला. डावीकडचा. माणूस कमी पडत होता. काठी उठली, हलगी सुरू झाली, आणि तो दोर धरून चालू लागला, काठी झुकली तर सावरायला. ती कुठंच झुकली नाही. बायका गुंडाप्पाच्या पायांवर पाणी ओतत होत्या, शांताक्कानंही ओतलं. तिनं मल्लिनाथकडं पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती विचार करत होती असं दिसत होतं, आणि बहुधा शिवलिंगच्या जेवणाचा. तीनशे पावलं संपली, काठी देवळाला लागली, आणि त्या क्षणापासून मान धाकट्या घराचा झाला.

रात्री मुक्कामाला न थांबता तो सात वाजताच्या गाडीनं परत आला. शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा मांड्या दुखत नव्हत्या. असं दुखणं, उचललं काय आणि न उचललं काय, चार-पाच दिवसांत आपोआप थांबतं.